पिवळ्या गळ्याची चिमणी : पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे चरित्र

शाळेच्या स्मरणिकेत चरित्र लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप गुणवंतांकडे वळते. ज्यांनी शिष्यवृत्त्या मिळवल्या, पदव्या संपादन केल्या, परीक्षांमध्ये प्रथम क्रमांक पटकावले, त्यांचे दाखले मुलांपुढे ठेवावेत ही आम्हा शिक्षकांची जुनी सवय. या हीरक महोत्सवी अंकासाठी मी मात्र अशा एका थोर पुरुषाची निवड केली आहे, ज्यांना गणिताने सदैव छळले, जे मॅट्रिकची परीक्षा कशीबशी उत्तीर्ण झाले आणि विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे ज्यांना हातातोंडाशी आलेली नोकरी गमवावी लागली. डॉ. सलीम अली हे त्यांचे नाव. भारतातील पक्ष्यांना घरोघरी ओळख मिळवून देणाऱ्या या माणसाचे सारे आयुष्य एका लहानशा प्रश्नातून घडले. तो प्रश्न एका मुलाने विचारला आणि एका मोठ्या माणसाने तो ऐकून घेतला, यातच या चरित्राचे मर्म आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडिलांचे आणि तीन वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. गिरगावातील खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना पोटच्या मुलांसारखे वाढवले. स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी अब्बास तय्यबजी हेही याच आप्तपरिवारातले. घरात माणसांची वर्दळ आणि शिकारीच्या गप्पा असत. त्या काळी शिकार हा सुखवस्तू घरांतील प्रतिष्ठेचा छंद होता. मामांनी भाच्याला छऱ्यांची एक खेळण्यातली बंदूक दिली होती. सलीमचा बराच वेळ चिमण्या टिपण्यात जाई आणि मोठेपणी नामांकित शिकारी व्हावे, हे त्याचे बालपणीचे स्वप्न होते.

दहा-बारा वर्षांचे वय असेल. एके दिवशी त्याच्या बंदुकीने टिपलेली एक चिमणी त्याने हातात घेतली आणि तो थबकला. आकार चिमणीचाच, चोचही तशीच, परंतु गळ्यावर हळदीचे बोट लावावे तसा पिवळा ठिपका होता. अंगणातल्या चिमणीला असा ठिपका नसतो. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. अमिरुद्दीन स्वतः शिकारी असूनही त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता, तर त्याने काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. त्यांनी तसे केले नाही. एक चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात पाठवले.

या संस्थेविषयी मराठी वाचकाने एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी मुंबईत तिची स्थापना केली, त्यांत दोन भारतीय होते आणि दोघेही मुंबईतील मराठी डॉक्टर : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे संस्थेचा कारभार मुख्यत्वे इंग्रज मंडळींच्या हाती गेला. सलीम मेलेली चिमणी घेऊन फोर्टमधील अपोलो स्ट्रीटवरच्या कार्यालयात गेला, तेव्हा डब्ल्यू. एस. मिलार्ड हे संस्थेचे मानद सचिव होते. साहेबापुढे उभे राहताना मुलाच्या पायांना कापरे भरले असल्यास नवल नाही. परंतु मिलार्डसाहेबांनी कागदी पुडी उलगडली, चिमणी निरखली आणि ही पीतकंठी चिमणी, म्हणजे रानात आणि आमरायांत राहणारी रानचिमणी असल्याचे सांगितले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्यांनी एकामागून एक उघडून दाखवले. या देशात पक्ष्यांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतील प्रत्येकीला स्वतःचे रूप, स्वतःचे घर आणि स्वतःचे नाव आहे, हे त्या दुपारी त्या मुलाला प्रथम उमगले. मिलार्ड यांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली, नॉर्मन किनिअर या अभिरक्षकांशी गाठ घालून दिली. पक्ष्याचे कातडे कसे उतरवावे, ते कसे टिकवावे, सोबत कोणत्या नोंदी कराव्यात, याचे धडे सलीमने तेथेच गिरवले.

त्या दिवशी मिलार्डसाहेबांचा फार तर एक तास खर्च झाला असेल. त्या तासाचे मोल पुढे किती झाले, ते आपण पाहणारच आहोत.

शाळेत मात्र सलीमची प्रगती जेमतेम होती. गिरगावातील मिशनच्या शाळेत, नंतर सेंट झेवियर्समध्ये त्याचे शिक्षण झाले. मध्यंतरी डोकेदुखीच्या दुखण्याने त्याला ग्रासले आणि हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे जावे लागले. १९१३ मध्ये तो मॅट्रिक झाला. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेल्याने त्याने अभ्यास सोडला आणि ब्रह्मदेशातील तव्हॉय येथे घरच्यांच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायात हातभार लावण्यास तो गेला. धंद्यात त्याचे मन रमले नाही. मात्र तव्हॉयच्या सभोवारची अरण्ये हीच त्याची पाठशाळा झाली. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्याने दावर्स महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्याची खरी ओढ ओळखली आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी हिशेब आणि त्यानंतर प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास त्याने केला. डिसेंबर १९१८ मध्ये तहमीना बेगम यांच्याशी त्याचा विवाह झाला.

ब्रह्मदेशातील व्यवसाय अखेर बुडाला. आता पोटासाठी नोकरी हवी होती आणि मनासाठी पक्षी. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती; परंतु विद्यापीठाची पदवी नसल्याने ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्याने उघडलेल्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. शाळेच्या मुलांना काचेआडचे पक्षी समजावून सांगणे हे त्यांचे काम. दोन वर्षांत त्यांना आपल्या ज्ञानाची उणीव जाणवू लागली. १९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि जगद्विख्यात पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. उत्तर समुद्रातील हेलगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा घेतात, हेही त्यांनी पाहिले. गुरू म्हणून श्ट्रेझेमान यांचे ऋण त्यांनी जन्मभर मानले.

१९३० मध्ये परत येऊन पाहतात, तो निधीअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! परदेशात शिकून आलेला, चौतिशीला टेकलेला हा विवाहित गृहस्थ बेकार झाला. मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम या गावी राहावयास गेली. हा वनवासच त्यांना वर ठरला.

किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. आपल्या मराठी मनाला सुगरणीचे मोठे कौतुक. बहिणाबाईंनी तर तिच्या खोप्याला घराघरांत नेऊन पोहोचवले. पक्ष्याचे नावही आपण स्त्रीलिंगी ठेवले आणि ती विलक्षण वीण मादीच्या खात्यावर जमा केली. सलीम अलींनी शिडीवर कापडाचा आडोसा उभारला आणि खोप्यांच्या समोर ते तासन्तास बसून राहिले. पावसाळाभर चाललेल्या या बैठकीतून जे दिसले, ते असे. खोपा विणतो तो नर. तो अर्धा विणून झाला की माद्या येतात, आत शिरून पाहतात, विणीची परीक्षा करतात. एखादीला तो पसंत पडला की ती तेथे संसार मांडते आणि मग नर उरलेला खोपा पुरा करतो. ती अंडी उबवू लागली की हा गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो! सुगरणीच्या संसाराची ही सुसंगत उकल त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. त्यासाठी त्यांना ना प्रयोगशाळा लागली ना अनुदान. एक शिडी, एक वही आणि उतावीळ न होणारे डोळे एवढेच त्यांचे साहित्य होते.

यानंतर त्यांनी जो मार्ग शोधला, तो त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. देशातील अनेक संस्थानांत कोणकोणते पक्षी आढळतात, याची पद्धतशीर पाहणी झालीच नव्हती. मला वेतन नको, केवळ प्रवास आणि मुक्कामाचा खर्च द्या, मी तुमच्या राज्यातील पक्ष्यांची पाहणी करतो, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून आरंभ झाला. १९३३ मध्ये त्रावणकोर आणि कोचीनची पाहणी झाली. पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ अशी ही यादी वाढत गेली. बैलगाडीने, होडीने, बहुधा पायी असा त्यांचा प्रवास चाले. सुखवस्तू घरात वाढलेल्या, विलायतेत शिकलेल्या तहमीनाबाई तंबूतल्या त्या फिरत्या संसारात तक्रारीचा सूर न काढता सोबत राहिल्या.

दक्षिणेतील सदाहरित अरण्यात पक्षी ओळखणे म्हणजे काय, हे ज्याने तेथे पाऊल टाकले आहे त्यालाच कळेल. माळावर पक्षी दुरून दिसतो. अशा रानात झाडे शंभर फुटांवर जातात, शेंडे एकमेकांत मिसळतात आणि भर दुपारी खाली संधिप्रकाश असतो. बराच वेळ एकही पक्षी दृष्टीस पडत नाही आणि मग अकस्मात निरनिराळ्या जातींचा एक मिश्र थवा कीटक टिपत डोक्यावरून निघून जातो. दोन-तीन मिनिटांत जे पाहाल ते पाहाल. नंतर पुन्हा शांतता. कर्णा नावाचा सुंदर पक्षी हाकेच्या अंतरावर असतो. पण तो निश्चल बसतो आणि आपल्याकडे पाठ करतो, त्यामुळे नराची लालभडक छाती दिसतच नाही. महाधनेश दिसण्याआधी ऐकू येतो : त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा. आणि केवळ कानावर विसंबावे तर भृंगराज फसवतो, कारण तो इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो. हरियाल हा तर आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पण वडापिंपळावर पन्नास हरियाल फळे खात असले, तरी पानांच्या हिरव्या रंगात एकही दिसू नये, अशी त्यांची रंगसंगती.

या रानांत सलीम अलींची पद्धत ठरलेली असे. पहाटेपूर्वी निघायचे. एका जागी स्वस्थ उभे राहायचे. आधी ऐकायचे, मग पाहायचे. पक्षी झाडाच्या शेंड्यावर होता की जमिनीवर, एकटा होता की थव्यात, फळ खात होता की साल टोकरत होता, हे तेथल्या तेथे टिपायचे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात दैनंदिनी पुरी करायची. स्मरणशक्तीवर त्यांचा विश्वास नव्हता. संध्याकाळपर्यंत मन दिसलेल्या पक्ष्याला न दिसलेली पिसे लावते, हे ते जाणून होते. मरयूर, कुरियारकुट्टी, पेरियार नदीकाठचे तट्टेक्काड अशी मुक्कामाची ठिकाणे त्यांच्या नोंदींमुळे पक्षिशास्त्रात कायमची नोंदली गेली. दक्षिण भारतात पक्ष्यांच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध स्थान म्हणून त्यांनी तट्टेक्काडचा गौरव केला होता. पन्नास वर्षांनी, १९८३ मध्ये, ते अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या काळच्या शास्त्राला पक्षी हातात लागे. नमुने गोळा करण्यासाठी सलीम अली बंदूक वापरत आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. परंतु केवळ हौसेसाठी जीव घेणे त्यांना पुढे रुचेनासे झाले. जिवंत पक्षी कसा जगतो, यातच त्यांचा खरा रस होता. दुर्बिणी सुधारल्या, छायाचित्रण आले, जाळ्यात अलगद धरून, कडे घालून पक्षी पुन्हा सोडून देण्याची रीत भारतात रुजली. ती रुजवण्यात त्यांचाच पुढाकार होता. शिकारी होण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा याच वाटेने रक्षणकर्ता झाला.

१९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर तहमीनाबाईंचे अकस्मात निधन झाले. एकवीस वर्षांचा सहवास संपला. सलीम अली मुळापासून हादरले. अपत्य नव्हते, त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांनी त्यांना वांद्र्याच्या पाली हिलवरील आपल्या घरी नेले आणि पुढील आयुष्य त्यांनी त्या घराच्या आधाराने काढले. दुःखावर त्यांनी कामाचेच औषध घेतले.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक निघाले. तोपर्यंत पक्ष्यांवरील ग्रंथ जाडजूड, महाग आणि शास्त्रज्ञांपुरते होते. या पुस्तकात रंगीत चित्रे होती, भाषा सोपी होती आणि मुख्य म्हणजे युक्ती सोपी होती. अनोळखी पक्ष्याचे माप त्यांनी इंचांत न सांगता ओळखीच्या पक्ष्यांत सांगितले : चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा किंवा त्याहून थोडा लहान, थोडा मोठा. जे ठाऊक आहे त्याच्या आधाराने जे ठाऊक नाही तिकडे न्यावे, हे अध्यापनशास्त्राचे पहिले सूत्र आम्ही बी. एड.च्या वर्गात शिकलो. सलीम अलींनी ते रानात वापरले. पंडित नेहरूंनी तुरुंगवासात या पुस्तकाची प्रत आपल्या कन्येला पाठवली होती आणि इंदिराजींना पक्ष्यांची गोडी तेथून लागली, हे प्रसिद्धच आहे.

त्यांच्या रीतीने एखादा वनपक्षी ओळखून पाहू. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कोकणातील आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची एक खणखणीत शीळ ऐकू येऊ लागते. शीळ घालणारा दिसत नाही. स्वस्थ बसावे. थोड्या वेळाने जमिनीवर, ओल्या पाचोळ्यात काहीतरी टुणटुण उड्या मारताना दिसते. आकार? मैनेहून किंचित लहान. शेपूट? जवळजवळ नाहीच. काय करतो? पाने उलटून किडे शोधतो. आता रंग पाहा : पाठ हिरवी, डोळ्यावरून काळा पट्टा, पोट पिवळसर, शेपटीखाली लाल आणि पंखावर झळकणारा निळा डाग. हा नवरंग. पावसाळ्यात आपल्याकडे घरटे करतो, पिल्ले वाढवतो आणि थंडीच्या आधी दक्षिणेकडे निघून जातो. चेन्नईतील गिंडीच्या राखीव वनात, तामिळनाडूच्या झुडपी रानांत आणि थेट श्रीलंकेत त्याचा हिवाळा सरतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी शीळ घालतो म्हणून तमिळ लोक त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. हा प्रवास तो रात्री करतो आणि थकून किंवा दिव्यांना भुलून कित्येकदा इमारतींवर आदळतो. रंग आपण सर्वांत शेवटी पाहिला, हे ध्यानात घ्यावे. प्रथम ऋतू, मग जागा, आवाज, आकार आणि चाल. ही पायरी सोडून जो रंगाकडे धावतो, तो हटकून चुकतो.

हरवलेल्या पक्ष्यांचा शोध हा त्यांच्या आयुष्यातील आणखी एक अध्याय. दिसेनाशी झालेली फिनची सुगरण त्यांना कुमाऊंच्या तराईत पुन्हा सापडली. हिमालयातील पहाडी लाव्याचा शोध मात्र व्यर्थ गेला आणि न दिसलेला पक्षी दिसला म्हणण्याचा मोह त्यांना कधी झाला नाही. आंध्रातील झुडपी रानात राहणाऱ्या एका धाविक पक्ष्याला मद्रासच्या लष्करातील शल्यवैद्य आणि पक्षितज्ज्ञ थॉमस जेर्डन यांचे नाव आहे. १९०० नंतर तो कोणाला दिसलाच नव्हता. सोसायटीने त्याचा शोध चालू ठेवला आणि जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात तो सापडला. एका स्थानिक माणसाने त्याला रात्री विजेरीच्या उजेडात पकडले होते. शास्त्रज्ञांच्या लेखी शतकभर गडप झालेल्या त्या पक्ष्याला तेथील लोकांच्या तेलुगूत कलिवी कोडी असे नाव होतेच! त्या वेळी सलीम अली एकोणनव्वद वर्षांचे होते. नावे केवळ ग्रंथांत नसतात, रानात राहणाऱ्यांच्या जिभेवरही असतात, याचा असा पुरावा त्यांना आयुष्याच्या अखेरीस मिळाला.

सोसायटीचे ऋण त्यांनी पुरेपूर फेडले. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद मायदेशी गेले आणि संस्था आर्थिक अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत जाऊन तिला मदत मिळवून दिली. भरतपूरचे घना सरोवर पूर्वी संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीचे ठिकाण होते. ते कोरडे करून शेतीखाली आणण्याची मागणी झाली. सलीम अलींच्या प्रयत्नांनी ते वाचले आणि आज तेथे राष्ट्रीय उद्यान आहे. केरळच्या सायलेंट व्हॅलीतील जुने सदाहरित अरण्य धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली आणि तो प्रकल्प अखेर रद्द झाला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा महाग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. पहिला खंड निघाला तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर-बहात्तर होते. आपण ज्या वयात विश्रांतीची भाषा बोलतो, त्या वयात त्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठे काम हाती घेतले.

मानसन्मानही आले. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९६७ मध्ये ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेचे सुवर्णपदक लाभले; तोवर ते कोणाही परकीयाला मिळाले नव्हते. पॉल गेटी यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराची जवळजवळ सारी रक्कम त्यांनी सोसायटीच्या निसर्गसंवर्धन निधीला दिली. ज्याला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्याला विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट बहाल केल्या. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावातही ती बालपणीची चिमणीच आहे. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. कोइमतूरजवळ त्यांच्या नावाची राष्ट्रीय पक्षिविज्ञान संस्था उभी आहे. मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधला आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. आपली शाळाही तो साजरा करते.

आता थोडे स्वतःविषयी, कारण हे चरित्र मी का निवडले ते सांगणे माझे कर्तव्य आहे. शिक्षिका म्हणून माझी सुरुवातीची वर्षे होती. जुलै महिना, बाहेर पाऊस. पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीनंतर रुमालात काहीतरी घेऊन माझ्या टेबलापाशी आला. शाळेच्या भिंतीलगत त्याला एक मेलेला पक्षी सापडला होता आणि हा कोणता पक्षी, हे त्याला हवे होते. चाचणी जवळ आली होती, धडा अर्धा राहिला होता. मी त्याला तो पक्षी टाकून देण्यास आणि हात धुऊन जागेवर बसण्यास सांगितले. तो निमूटपणे गेला. वर्षभरात त्याने मला पुन्हा कधी काही आणून दाखवले नाही.

पुढे सलीम अलींचे चरित्र वाचले, तेव्हा तो रुमाल माझ्या डोळ्यांपुढे आला. त्या पक्ष्याच्या पंखावर निळे काही होते, एवढेच मला आठवते. तो नवरंग असेल का? मला सांगता येत नाही, कारण मी नीट पाहिलेच नव्हते. मला उत्तर ठाऊक नव्हते, हा माझा दोष नाही; अमिरुद्दीन मामांनाही ते ठाऊक नव्हते. पण त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मी हात धुण्यास सांगितले.

पालकांना माझी एक विनंती आहे. आज पक्ष्याचे छायाचित्र काढले की भ्रमणध्वनी क्षणात नाव सांगतो. ते साधन वाईट नाही. सलीम अलींच्या हाती असते, तर त्यांनीही ते आनंदाने वापरले असते. परंतु मूल नाव विचारील तेव्हा भ्रमणध्वनी बाहेर काढण्यापूर्वी त्यालाच दोन-चार प्रश्न विचारावेत. केवढा होता? कुठे बसला होता? काय करत होता? एकटा होता का? ही उत्तरे त्याच्या वहीत उतरली की मग नाव शोधावे. नाव मिळाले नाही, तर आपल्याला ठाऊक नसल्याचे मोकळेपणाने सांगावे आणि ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे मुलाला घेऊन जावे.

शाळेच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर आता एक निरीक्षण वही कायम ठेवलेली असते. कोणत्याही इयत्तेच्या विद्यार्थ्याने तीत दिसलेल्या पक्ष्याची नोंद करावी. नाव ठाऊक नसले तरी चालते, नावाची जागा रिकामी सोडावी. या अंकाचे वाचक बहुतांशी माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्यात तो रुमालवाला मुलगाही असेल. आता तो चांगला मोठा गृहस्थ झाला असेल. हा लेख त्याच्या वाचनात आला, तर त्याने एकदा शाळेत यावे. वहीच्या पहिल्या पानावरची एक जागा मी त्याच्यासाठी रिकामी ठेवली आहे. त्याला जे आठवत असेल, ते त्याने तेथे लिहावे. या वेळी मी ते नीट ऐकेन.